गोष्ट संपायच्या आधीचा कट्टा

माझ्या गोष्टींत माणसं पुष्कळ मरतात. एकीला सवत विष घालते, एकजण सख्ख्या भावाला बांधावर तोडतो, एका गोष्टीत तर अख्खं वऱ्हाड टेंपोसकट पुलावरून खाली जातं. रक्ताची मला भीती नाही. चौथी शिकलेल्या बाईनं असलं लिहावं याचं लोकांना नवल वाटतं. मेलेली माणसं बघायला शाळा लागत नाही.

तरी दोन गोष्टी मी करत नाही. स्वतःचा जीव घेणारी बाई माझ्या गोष्टीत येते, पण तिनं तो कसा घेतला हे येत नाही. आणि बाईला बंद दाराआड बसवून मी पेन खाली ठेवत नाही. भाजी करपली तर करपू दे. तिला दाराबाहेर काढते, नाहीतर तिचं मरण उरकते, आणि मगच उठते.

यंदा एका दिवाळी अंकाच्या बाईंचा फोन आला. त्यांना माझी गोष्ट हवी होती. मी पाठवली होती, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"मावशी, गोष्ट छान आहे. पण ती बाई आत गेल्यावर तुम्ही कॅमेरा बाहेरच ठेवलाय."

"माझ्याकडं कॅमेरा नाही."

"म्हणजे आत काय झालं ते तुम्ही दाखवत नाही. यंदाचा अंक जरा डार्क विषयांवर आहे ना."

"डार्क म्हणजे?"

"माणसाच्या मनातला अंधार वगैरे."

"अंधारात दिसत नाहीच. मग बरोबर लिहिलंय की मी."

त्या हसल्या. स्वभावानं चांगल्या आहेत. मग म्हणाल्या, "खरं सांगा मावशी, घाबरता का तुम्ही?"

"व्हय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

का घाबरते ते आजवर कुणाला पुरतं सांगितलं नाही. जे सांगितलं ते अर्धं होतं, आणि त्या अर्ध्यातही एक थाप होती. फोनच्या आधी, चैत्रात, एक बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. ती येऊन गेली नसती तर हे आताही लिहिलं नसतं.

आम्ही सोलापूरचे विणकर. घरात तेलुगू. वडील मागावर, आई विड्या वळायची. मला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत घातलं, चौथी झाली आणि आईनं मांडीवर सूप दिलं. त्या सुपात भिजवून मऊ केलेली पानं असत, तंबाखू असे. मापाचा पत्र्याचा तुकडा ठेवून पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक नखानं आत दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्या झाल्या की त्यांचा एक कट्टा. लग्न होऊन मी दुसऱ्या चाळीत गेले, पण सूप तेच राहिलं.

चाळीच्या अंगणात कडुलिंब होता. घरात पत्रा तापायचा, म्हणून दुपारी आम्ही सहा-सात बायका सुपं घेऊन त्या सावलीत बसायचो. मला वाचता येत होतं, बाकीच्यांना येत नव्हतं. किराणा दुकानातून डाळ, गूळ, साखर यायची ती वर्तमानपत्राच्या पुडीत. पुडी सोडली की कागद मी हातानं सपाट करून ठेवून द्यायची आणि दुपारी त्यावरची बातमी सगळ्यांना सांगायची. पण बातमी कधी पुरती नसायची. दुकानदार कागद फाडायचा तो डाळीच्या मापानं, बातमीच्या मापानं नव्हे. नवऱ्यानं कुऱ्हाड उचलली इथपर्यंत असायचं आणि पुढं कागदच नसायचा. मग पुढचं मी मनानं जोडायची. हळूहळू मागचंही जोडायला लागले. अशी मी गोष्टी सांगायला शिकले.

सांगताना माझे हात मागं पडायचे. त्याला अंगणात एक रीत होती. गोष्ट संपली की ऐकणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या सुपातला एक कट्टा सांगणारीच्या सुपात टाकायचा. माझ्या आधी त्या अंगणात एक म्हातारी देवादिकांच्या कथा सांगायची, तिच्यापासूनची ही रीत. पण गोष्ट संपल्याशिवाय कट्टा द्यायचा नाही आणि घ्यायचा तर मुळीच नाही. अर्ध्या गोष्टीचा कट्टा घेतला तर ती गोष्ट मानेवर बसते, असं म्हातारी सांगायची. आम्ही हसायचो, पण पाळायचो.

करमाळ्याकडची एक बाई आमच्या चाळीत राहायला आली. नवरा यंत्रमागावर, एक मुलगी सात वर्षांची, एक पोरगा नुकता चालायला लागलेला. शेतात राबलेली बाई. विडी वळणं तिला नवीन होतं. तिच्या विड्या पोटाशी फुगायच्या आणि कारखान्यात तपासणारा माणूस त्या तिच्यादेखत मोडून टाकायचा. आणि तिला तेलुगूतलं काही कळत नव्हतं. आम्ही हसलो की ती उशिरानं हसायची. दोन-तीन दिवस तिनं सोसलं, मग म्हणाली, "अक्का, मला कळंना की. त्या बाईचं म्होरं काय झालं ते माझ्या भाषेत सांग."

आमच्यात एक ढालगज शेजारीण होती, वयानं मोठी. ती तेलुगूत म्हणाली, "हिच्या एकटीसाठी आता आम्ही सगळ्यांनी मराठी ऐकायची का?"

मी ते तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "ऐका की मावशी. कारखान्यातल्या बाबूशी भांडाय उपेगाला यील."

सगळ्या हसल्या, ढालगजसुद्धा. त्या दिवसापासून मी गोष्ट मराठीत सांगायला लागले. ती माझ्या डाव्या हाताला, जरा मागं बसायची. कुठं थांबले की हनुवटी वर करून म्हणायची, "म्होरं?"

तिच्या घरात काय चाललं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. चाळीच्या भिंती केवढ्या असतात. तिच्या दंडावर, गळ्याखाली डाग असायचे. विचारलं की ती म्हणायची, "चूल लागली." चूल गळ्याखाली कशी लागते हे आम्ही विचारलं नाही. आम्ही विड्या वळत राहिलो.

त्या आठवड्यात अंगणात बोहारीण आली होती. तिच्या पाटीत स्टीलच्या भांड्यांच्या वर एक प्लॅस्टिकची बादली होती, पिवळीधमक. तेव्हा आमच्याकडं सगळ्यांच्या पत्र्याच्या बादल्या, पोचे आलेल्या. करमाळ्याच्या बाईनं ती बादली हातात घेतली, उलटीसुलटी केली, बुडावर टिचकी मारली. बोहारणीनं दोन लुगडी मागितली. "दोनच हायत माझ्याकडं," ती म्हणाली आणि बादली खाली ठेवली. ढालगज म्हणाली, "दे की दोन्ही. बादलीत बसून राहा मग." तीही हसली.

त्याच आठवड्यात मी एक गोष्ट लावली होती. गुळाच्या पुडीवरची बातमी. एका बाईनं दार लावून घेतलं आणि जीव दिला की देणार होती, तेवढ्यावर कागद फाटलेला. पण दार लावल्यावर तिनं काय काय केलं ते सगळं त्यात होतं. तेव्हा छापत असत तसलं. मी ती गोष्ट तीन दिवस ताणली. तिचा नवरा रंगवला, सासू रंगवली. शनिवारी दुपारी तिला आत नेऊन दाराला कडी घातली.

मग मी माझ्या पदरचं घालायला लागले. तिनं सगळी भांडी घासून पालथी घातली. सूप फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं. पोरांच्या कपड्यांच्या घड्या केल्या. हे माझं. त्यानंतरचं सगळं कागदावरचं. दोन्ही मी एकाच आवाजात सांगितलं, आणि फार चांगलं सांगितलं. एकीचीही विडी वळली जात नव्हती. दोरे बोटांत तसेच लोंबत होते. गोष्ट सांगणाऱ्या बाईला याच्यापेक्षा मोठं सुख नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि तिथंच मी थांबले. म्हटलं, "चला, माल द्यायची वेळ झाली. राहिलेलं सोमवारी."

रविवारी कारखाना बंद, म्हणून अंगण बंद.

"अगं ए," ढालगज ओरडली, "तिला आत कोंडून तू कुठं निघालीस?"

"राहू दे की दोन दिवस आत," मी म्हटलं. "पळून थोडीच जाणार आहे?"

हे माझे शब्द. नंतर काही बदललेले नाहीत.

बायका उठल्या, सुपं आवरायला लागल्या. करमाळ्याची बाई तेवढी माझ्याजवळ आली. तिच्या हातात कट्टा होता, दोरा ढिला बांधलेला.

"अक्का, माझा आजच घे."

"गोष्ट कुठं संपलीय?"

"घे की. सोमवारी माझ्याकडं व्हतोय न व्हतोय."

मला वाटलं, हिच्या विड्या मोडल्या जातात, सोमवारी हिचा भरणा होईल की नाही याची हिला काळजी. आणि गोष्ट ताणण्यात माझे हात थांबलेले होते, मला त्या दिवशी नेमका एक कट्टा कमी पडत होता. मी घेतला. गोष्ट संपायच्या आधी कट्टा घेतला, तो एकदाच.

रविवारी दुपारी मी धुणं वाळत घालत होते तेव्हा ओरडा झाला. तिची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन खेळून परत आली होती आणि दार उघडत नव्हतं. पुरुषांनी दार तोडलं. मग ते बाजूला झाले आणि आम्ही चौघी बायका आत गेलो, कारण आत बाई होती.

भांडी घासून पालथी घातलेली होती. सूप फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेलं होतं. पोरांच्या कपड्यांच्या घड्या होत्या, एकावर एक. बाकीचंही मी सांगितलेलं होतं तसंच होतं. ते मी लिहिणार नाही.

माझ्याबरोबरच्या तिघीही आदल्या दिवशी अंगणात होत्या. त्यांतली एकही माझ्याकडं बघत नव्हती.

पोलीस आले, कागद झाला, करमाळ्याहून तिचा भाऊ आला आणि दोन्ही पोरांना घेऊन गेला. नवरा महिन्याभरात चाळ सोडून गेला. मला कुणी काही बोललं नाही. फक्त ढालगजनं एकदा, आम्ही दोघीच असताना, विचारलं, "तुझ्या गोष्टीतली ती बाई दार उघडणार होती का?"

"हो," मी म्हटलं. "शेवट ठरलेला होता. धाकटं पोर रडतं आणि ती कडी काढते. सोमवारी सांगणारच होते."

ही थाप. तिथल्या तिथं सुचलेली. नंतर ती मी नवऱ्याला सांगितली, बहिणीला सांगितली, पुढं लिहायला लागल्यावर एका कार्यक्रमात शंभर माणसांपुढं सांगितली. शेवट ठरलेला होता, त्या बिचारीला दोन दिवस दम निघाला नाही. बघा, किती सोयीचं आहे. दोष सगळा तिच्या घाईवर गेला.

खरं असं की माझ्याकडं शेवट नव्हता. कागद फाटलेला होता आणि मला काही सुचलेलं नव्हतं. सोमवारपर्यंत सुचेल म्हणून मी थांबले होते. तो शेवट मला आजतागायत सुचलेला नाही. पोराच्या रडण्याचा शेवट मी किती वेळा लिहून बघितला. खोटा वाटतो. पोर रडत असतं तेव्हाही बायका मरतात.

अंगणातलं सांगणं बंद झालं. कुणी बंद केलं नाही, पण कुणी सांग असंही म्हटलं नाही. आम्ही गुपचूप वळायचो. नुसती कात्र्यांची कचकच. वीसेक वर्षं अशी गेली. साठीच्या आसपास बोटं वाकायला लागली, विड्या सुटल्या. नातवंडांच्या वह्या वर्ष संपलं की अर्ध्या कोऱ्या राहायच्या. त्या पानांवर मी लिहायला लागले. कुणी वाचेल असं मनात नव्हतं. पुढं एका पुरवणीत छापून आलं, मग एक पुस्तक निघालं, पातळसं.

मी आजही तेलुगूत बोलते, तेलुगूत शिव्या देते, देवापुढं उभी राहिले तर तेलुगूत मागते. पण लिहायला बसले की मराठीच येतं. लोक त्याचं कौतुक करतात. त्यात कौतुकाचं काही नाही. डाव्या हाताला, जरा मागं, ती बसलेली असते. मी भुतं मानत नाही. पण वाक्य अडलं की "म्होरं?" असं ऐकू येतं, आणि तिला समजेल अशाच भाषेत मला पुढं जावं लागतं. लिहिताना मान दुखते. डॉक्टर म्हणतात मणक्याची झीज. असेल. सूप मांडीवर घेऊन पन्नास वर्षं वाकलेल्या सगळ्याच बायकांच्या माना दुखतात. पण माझी विड्या वळताना दुखत नव्हती.

तर चैत्रात, सकाळी अकराच्या सुमाराला, एक बाई दारात आली. पन्नाशीला टेकलेली, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लाल.

"वळखलं का?"

"नाही."

"तुमच्या अंगणात करमाळ्याची बाई हुती बगा. मी तिची मुलगी."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. दुसरं काय करणार? तिनं तांब्या उंच धरून सगळं पाणी संपवलं. मग सांगायला लागली. मामानं वाढवलं. धाकटा भाऊ लहानपणीच तापानं गेला. लग्न नातेपुत्याला झालं. आता मुलाला चिंचोळी एमआयडीसीत काम लागलंय म्हणून वर्षभर सोलापुरात आहे. सुनेनं कुठून तरी माझं पुस्तक आणलं. त्यात अंगण होतं, कडुलिंब होता. "म्हणलं, ह्येच ते लिंब," ती म्हणाली.

"आता तिथं पार्किंग आहे," मी म्हटलं.

"बगून आले."

पंखा कुरकुरत होता. मग ती म्हणाली, "मावशी, एक इचारायचं हाय. खरं सांगायचं. माझ्यासाठी गोड करून सांगू नगा."

"मला गोड करता येत नाही. विचार."

"आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनवारी, तिनं आमाला एक गोष्ट सांगितली. ती भाकरी करत हुती, आमी दोगं परातीम्होरं बसलो हुतो. एक बाई आत गेली, कडी घातली. मला लई भ्या वाटलं. म्हणलं, आई, मग? आईनं भाकरी उलटली अन् म्हणली, मग काय! बाहेर नळ आला. बायका वरडाय लागल्या, ए भवाने, तुझी बादली पयल्या नंबराला हाय, उचल, न्हायतर आमी सरकवतो! मग ती बाई उठली. म्हणली, मरायचं मागनं बगू, पयला नंबर कोण सोडतंय! अन् काढली कडी."

सांगताना तिनं हातानं कडी काढून दाखवली.

"आमी लई हसलो. धाकट्याला काय कळत न्हवतं, तरी त्योबी हसला. आईबी हसली." तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "म्होरं मामा-मामी समदी म्हणायची, तुझ्या आईला पोरांची माया न्हवती. तिला जगायचंच न्हवतं. मी मोठी हुईस्तवर ह्येच ऐकलं. पर ती भाकरी उलटताना हसली हुती की. ते मला दिसतंय अजून. ती अंगणातल्या गोष्टी घरी येऊन सांगायची, ते मला म्हाईत हाय. म्हणून इचारते. ह्यो नळाचा शेवट तुमचा, का तिचा?"

मी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तुमचा आसंल तर तिनं ऐकलेलं सांगितलं, झालं. तिचा आसंल तर..." तिनं हनुवटी वर केली. तोंडावळा आईचा नाही तिचा, पण ती हनुवटी तीच.

मला एक शब्द बोलायचा होता. माझा. चाळीस वर्षं जी थाप मी सांगत आले ती आता खरी करून मिळत होती, साक्षीदारासकट. मी शेवट सांगितला होता, दार उघडलं होतं, तिनं ते ऐकलं होतं आणि घरी जाऊन पोरांना सांगितलंही होतं. मग तिच्या मरणाशी माझा काय संबंध? मान मोकळी झाली असती. ढालगज मेली, अंगणातल्या बाकीच्याही गेल्या. खोटं म्हणायला कुणी उरलं नव्हतं. मी हे सगळं त्या दोन-चार क्षणांत मोजलं. मोजलं नाही असं म्हटलं तर आणखी एक थाप होईल.

पण मग त्या बाईचं काय उरलं? जन्मात तिनं एक गोष्ट केली होती. तीही मी माझ्या सुपात घेतली असती.

"माझा नव्हे," मी म्हटलं. "माझ्याकडं शेवट नव्हता. मी तिला आत ठेवून माल द्यायला गेले. ती पुढं काय करते हे मला ठाऊक नव्हतं. आजही नाही."

"मग तिचाच."

"तिचाच."

ती रडली नाही. पदरानं फक्त मान पुसली, उकडत होतं. मग मी बाकीचंही सांगितलं, कारण अर्धं सांगून थांबायचं काय होतं ते मी बघितलेलं आहे. कट्ट्याचं सांगितलं. 'राहू दे की दोन दिवस आत' हे सांगितलं.

तिनं विचारलं, "आत गेल्यावर त्या बाईनं काय काय केलं, ते बी तुमीच सांगितल्यालं?"

"हो."

"भांडी पालथी?"

"ती माझी. कागदावर नव्हती."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, गेली. जायलाच हवं होतं.

"तुमी समद्या बाहेर गेल्यावर मी आत गेले," ती तिकडं बघतच म्हणाली. "भांडी मी सुलटी केली. म्हणलं, आता जेवायचं आसंल."

मी माफी मागितली नाही. मागून तिनं काय केलं असतं? दिली तर ओझं तिच्यावर, नाही दिली तरी तिच्यावरच. मी चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवला. ती परत येऊन बसली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "लिवा तुमी."

"काय?"

"तिचा शेवट. बाकीचं नगा लिवू. आत काय झालं ते नगं."

"ते मी लिहीतच नाही."

"म्हाईत हाय. सून म्हणली, ह्या आजी दाराबाहेरच थांबत्यात."

मी वही काढली. ती सांगत गेली, मी उतरवत गेले. तिच्या आईच्या तोंडचं होतं तसंच, माझं काही न घालता. न घालणं मला जड जात होतं, हात सवयीनं पुढं जायचा. मग मी तिला वाचून दाखवलं. 'बाहेर नळ आला' पासून 'कडी काढली' पर्यंत. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि एका ठिकाणी हात वर केला.

"तितं नुसती बादली न्हाय. पिवळी बादली. आई म्हणली, तुझी पिवळी बादली पयल्या नंबराला हाय."

"तुमच्याकडं पिवळी बादली नव्हती," मी म्हटलं. "चाळीत कुणाकडंच नव्हती."

"न्हवतीच. पत्र्याची हुती आमची. गळायची."

मग मी तिला बोहारणीचं सांगितलं. दोन लुगडी मागितली होती ते, बुडावर टिचकी मारली होती ते. तिला हे माहीत नव्हतं. तिनं ते ऐकलं, आणि मग "पुना सांगा" म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. कशी उचलली, कशी उलटी केली, कुठल्या हातानं टिचकी मारली. तेवढं मला नीट आठवत होतं.

काल दिवाळी अंकाच्या बाईंचा परत फोन आला. "काय मावशी, आतलं लिहिलं का?"

"नाही. शेवट बदललाय. पाठवते."

"डार्क आहे ना?"

"सकाळचा आहे," मी म्हटलं. "नळ येतो."

त्यांना तो शेवट नको असला तर वही परत येईल. माझी काही हरकत नाही. करमाळ्याच्या बाईच्या मुलीनं नंतर सुनेला आणून एक प्रत लिहून नेली आहे, सुनेच्या अक्षरात. मी आज पुन्हा एकदा वाचून बघितलं. मान दुखतेच आहे. डाव्या हाताला, जरा मागं, कुणी काही विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मग 'बादली'च्या आधी जागा करून, वरच्या अंगाला बारीक अक्षरात, राहून गेलेलं 'पिवळी' लिहिलं आणि वही मिटली.